व्हॉट्सॲपची ‘अप्रूव्ह न्यू मेंबर्स’ सोय: भाड्याच्या फ्लॅटच्या ग्रुपला किती पुरते?

कोथरूड, बाणेर, हिंजवडी, खराडी, कुठल्याही भागातल्या ‘फ्लॅट, रूममेट, जुनं सामान’ ग्रुपची लिंक हातोहात फिरते. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये आणलेली ‘अप्रूव्ह न्यू मेंबर्स’ ही सोय, म्हणजे लिंकवरून येणाऱ्याला ॲडमिनने मंजुरी दिल्याशिवाय प्रवेश नाही, अशा ग्रुपसाठी अत्यावश्यक आहे, पण एकटी पुरत नाही.

चालू करायला मिनिटही लागत नाही. ग्रुप इन्फो, मग ग्रुप परमिशन्स, तिथे ‘अप्रूव्ह न्यू मेंबर्स’. त्याच पानावर सदस्य जोडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा. आणि ‘रीसेट लिंक’ करून जुनी लिंक बाद करा. ती आधीच किती जणांकडे गेली आहे ते कुणालाच सांगता येणार नाही.

खरा फायदा इथे आहे: भामटा ग्रुपमध्ये सहसा काही लिहीतच नाही. आत आला की सदस्यांची यादी उघडतो, नंबर उचलतो आणि ‘मी त्याच ग्रुपमधला’ म्हणून एकेकाला खासगीत गाठतो. नंतर त्याला काढून टाकलं तरी नंबर त्याच्याकडे गेलेले असतात. म्हणून दारातच थांबवणं महत्त्वाचं.

कमी कुठे पडते? मंजुरीच्या यादीत नाव, फोटो, नंबर आणि असलाच तर एखादा समान ग्रुप एवढंच दिसतं. खातं किती जुनं, ते कळत नाही. फोटो आणि नाव तर कुणाचंही लावता येतं. शहानिशा ॲडमिनलाच करावी लागते. मंजुरीपूर्वी खासगीत विचारा: लिंक कुणी दिली, घर हवंय की द्यायचंय, नेमकं कुठे? उत्तराऐवजी घाई किंवा तयार साच्यातला मजकूर आला, तर नकार द्या.

घर देणारा असेल तर आणखी दोन गोष्टी. दार उघडण्यापासून खिडकीबाहेरच्या दृश्यापर्यंत सलग व्हिडिओ कॉल मागा, कारण फोटो दुसऱ्या जाहिरातीतून उचललेले असू शकतात. त्याचा नंबर यूपीआय ॲपमध्ये टाका. पैसे न पाठवताही खातेदाराचं नाव दिसतं. ते वीजबिलावरच्या नावाशी जुळत नसेल तर खुलासा मागा. जुळलं म्हणजे माणूस खरा, असं मात्र समजू नका. बिलाची पीडीएफ बदलता येते.

काही खुणा दिसल्या की विचार न करता बाहेर काढा: ‘सैन्यात आहे, बदली झाली’ म्हणत आधी ओळखपत्राचा फोटो, घर बघायला येण्याआधी ‘परत मिळतील’ म्हणत ‘गेट पास’साठी मागितलेले पैसे, पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगणं (पैसे घ्यायला पिन लागतच नाही), एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरचं ॲप फोनमध्ये बसवणारी), टेलिग्रामवर ‘लाइक करा, कमवा’. सैनिकाचं नाव पुढे करणारा प्रकार विशेष चीड आणणारा आहे, कारण तो लोकांच्या आदरावरच डल्ला मारतो.

मोठ्या ग्रुपला व्हॉट्सॲप कम्युनिटीचा (अनेक ग्रुप एकत्र ठेवणारी सोय) घोषणा ग्रुप, जिथे फक्त ॲडमिन संदेश टाकतात, अधिक सुरक्षित. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण घर शोधणाऱ्यांचा आपसातला संवाद तुटतो, म्हणून छोट्या ग्रुपला तो पर्याय सुचवणार नाही.

या सोयीला माझे पाचपैकी साडेतीन गुण. खात्याचं वय दिसलं असतं तर साडेचार.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. चॅट डिलीट करू नका आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा.