युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप: डब्लिनमधून अख्खा मोसम पाहिल्यावर

रग्बीच्या मोसमी पासाचे पैसे वसूल झाले का, हे आधी सांगून टाकते: झाले. पण ज्यांची नावं बघून पास काढला होता त्यांच्यामुळे कमी, आणि ज्यांची नावं सप्टेंबरात ठाऊकही नव्हती अशा पोरांमुळे जास्त.

इथे सगळे या स्पर्धेला यूआरसी म्हणतात. आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि चौथीतला मुलगा, २०२४-२५ चा मोसम सप्टेंबरपासून जूनच्या अंतिम सामन्यापर्यंत पाहिला. काही सामने मैदानात, बाकीचे सोफ्यावर. मुक्काम डब्लिन, त्यामुळे संघ लेन्स्टर. त्याआधी टीव्हीवर सिक्स नेशन्स, ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा, बघून ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे टेकवणं) म्हणजे काय आणि स्क्रम (दोन्ही संघांची एकमेकांना भिडून चेंडूसाठीची रेटारेटी) कधी लागतो एवढं कळायला लागलं होतं. ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांतून ‘काढावा का पास?’ अशी विचारणा आली, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी मांडणी, थोडक्यात. २००१ मध्ये आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांची सेल्टिक लीग सुरू झाली. २०१० मध्ये इटलीचे संघ आले, २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे दोन. २०२१ मध्ये ते दोन जाऊन त्यांच्या जागी बुल्स, लायन्स, शार्क्स आणि स्टॉर्मर्स हे आफ्रिकेचे चार बडे संघ दाखल झाले आणि स्पर्धेला आताचं नाव मिळालं. आज एकूण १६ संघ आहेत: आयर्लंडचे चार, वेल्सचे चार, दक्षिण आफ्रिकेचे चार, स्कॉटलंडचे दोन, इटलीचे दोन. आयर्लंडच्या चौघांतला अल्स्टर बेलफास्टमध्ये खेळतो, म्हणजे पासपोर्टाच्या हिशेबाने दुसऱ्याच देशात. पण इथलं रग्बी ती सीमा मानत नाही. राष्ट्रीय संघही सगळ्या बेटाचा मिळून एकच.

प्रत्येकाला १८ सामने. आपल्या गटातल्या तिघांशी घरी आणि बाहेर, उरलेल्या बारा जणांशी एकेकदाच. गुणतक्त्यात विजयाला ४ गुण, बरोबरीला २. चार ट्राय केले तर १ बोनस, आणि सामना सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरलात तरी १. या शेवटच्या नियमामुळे हरलेला सामनाही ८० व्या मिनिटापर्यंत जिवंत राहतो. आपल्याकडे नेट रन रेटची कटकट असते, त्यापेक्षा हे मला कितीतरी सरळ वाटलं. पहिले आठ बाद फेरीत जातात.

आता खरी गोम. ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय वेळापत्रकाच्या फटींमध्ये बसवलेली आहे. नोव्हेंबरात देशांचे सामने, फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स. त्या काळात लेन्स्टरचे दहा-बारा, कधी त्याहून जास्त खेळाडू आयर्लंडच्या छावणीत असतात. परत आले तरी लगेच मैदानात उतरत नाहीत, कारण मोठ्या खेळाडूंचे करार थेट आयर्लंडच्या रग्बी युनियनशी असतात आणि त्यांनी किती सामने खेळायचे, कधी विश्रांती घ्यायची यावर युनियनची करडी नजर असते. थोडक्यात, भिंतीवरच्या पोस्टरवर एक संघ आणि मैदानात दुसराच. जॉर्डी बॅरेट न्यूझीलंडहून येणार म्हणून पोरगं उन्हाळाभर नाचत होतं. तो आला डिसेंबरात! काही शनिवारी तर आमच्या आसपासच्या जुन्या पासधारकांनाही तीन-चार खेळाडूंची नावं कार्यक्रमपत्रिकेत शोधावी लागत होती.

पहिले दोन महिने मला याचा वैताग आला. मग हळूहळू चित्र उलटं दिसू लागलं. मी डोंबिवलीची. माझ्या मामाच्या तोंडी अजून शालेय क्रिकेटमधल्या गाइल्स आणि हॅरिस शील्डच्या गोष्टी असतात: कोण शाळेत असताना कसा खेळायचा, कोणाला कोणी हेरलं. लेन्स्टरचं नेमकं तसंच आहे. ब्लॅकरॉक कॉलेज, सेंट मायकल्स अशा शाळांच्या सामन्यांना इथे गर्दी होते, तिथून मुलं अकादमीत येतात आणि तिथून या लीगमध्ये. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा विशीतल्या पोराकडे बोट दाखवून त्याच्या शाळेपासूनची कुंडली सांगतात. मुंबईचे सगळे कसोटीपटू दौऱ्यावर असताना रणजी बघायला जाणारा जो दर्दी असतो ना, त्याच्यासाठीच ही स्पर्धा आहे. तसं मन करून बसलात तर फेब्रुवारीतला पावसाळी सामनाही चांगला जातो. तारे बघायला गेलात तर चिडून घरी याल.

याचा सगळ्यात चांगला नमुना मार्चमध्ये मिळाला. सिक्स नेशन्स १५ मार्चला संपली आणि लेन्स्टर लगेच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलं. बहुतेक बडी मंडळी घरी विश्रांतीला, गेली ती दुसरी फळी. डर्बनला त्यांनी शार्क्सना १०-७ असं हरवलं. त्यात देखणं असं काही नव्हतं, नुसती धडाधड टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, आणि कसाबसा राखलेला किल्ला, पण मी उभी राहून बघत होते. पुढच्या आठवड्यात प्रिटोरियाला बुल्सकडून २१-२० अशी हार, तीही अखेरच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर. प्रिटोरिया समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर आहे. शेवटच्या वीस मिनिटांत पाहुण्यांना कशी धाप लागते ते टीव्हीवरही दिसतं. या दोन शनिवारांसाठी मी पासाचे अर्धे पैसे आनंदाने दिले असते. गंमत म्हणजे ते दोन्ही सामने पासात नव्हतेच.

आफ्रिकेचे संघ आले हे बरं झालं की वाईट, यावर इथे दोन तट आहेत. माझं मत: ते नसते तर ही लीग झोपाळू झाली असती. पूर्वी हे संघ सुपर रग्बीत न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या संघांशी खेळायचे, तेव्हा विमानप्रवास आणि घड्याळ दोन्हींचा मार. आता प्रवास रात्रभराचा असला तरी घड्याळ फार तर दोन तासांनी पुढे-मागे. म्हणून डर्बनचा सामना डब्लिनमध्ये दुपारच्या चहाबरोबर बघता येतो. विरोधकांचं म्हणणंही खोटं नाही. पाठीराख्याला परगावच्या सामन्याला बसने जाता येत नाही, आणि एवढ्या उड्डाणांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

परगावचा प्रवास म्हटला की बाद फेरीचा नियम खटकतो. उपांत्यपूर्व फेरीपासून वरच्या क्रमांकाच्या संघाला घरचं मैदान. क्रीडादृष्ट्या न्याय्य, कारण १८ सामन्यांना त्यामुळे किंमत येते. पण अंतिम सामना कुठे होणार हे फक्त आठवडाभर आधी कळतं. बुल्सनी ७ जूनला प्रिटोरियात उपांत्य सामना जिंकला आणि १४ तारखेला ते डब्लिनच्या क्रोक पार्कवर उभे. त्यांच्या किती लोकांना व्हिसा आणि तिकीट जमणार? गंमत अशी की अंतिम सामन्यात घरचं मैदान म्हणजे हमी नव्हे. २०२३ मध्ये आयर्लंडच्या मुन्स्टरनी केपटाऊनला जाऊन स्टॉर्मर्सना १९-१४ असं हरवलं, २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगोनी प्रिटोरियात बुल्सविरुद्ध १३-० अशा पिछाडीवरून २१-१६ ने बाजी मारली. चार वर्षांत तीन अंतिम सामने हरलेल्या बुल्सबद्दल मला आता जवळजवळ माया वाटते.

उपांत्यपूर्व फेरीतला शार्क्स-मुन्स्टर सामना मात्र कोणीही, रग्बी न कळणाऱ्यानेही, शोधून बघावा. डर्बनमध्ये २४-२४ अशी बरोबरी, वीस मिनिटांच्या जादा वेळेतही कोणी हलेना. मग किक मारण्याची स्पर्धा, वेगवेगळ्या कोनांतून पाळीपाळीने. शार्क्सचा जेडन हेंड्रिक्से किक मारून पायात गोळा आला म्हणून तिथेच आडवा झाला. मुन्स्टरचा जॅक क्राउली त्याच्या उठण्याची वाट बघत उभा, आणि जमिनीवरून हा बाबा त्याला डोळा मारतो! शार्क्स ६-४ ने जिंकले. इथे आठवडाभर तेवढ्या एका डोळ्यावर चर्चा चालली होती. मला विचाराल तर १०० मिनिटं झुंजल्यावर असा निकाल लावणं हा खेळाचा अपमान आहे, पण बघताना टीव्हीसमोरून हललेही नाही.

मैदानातला अनुभव. लेन्स्टरचं नेहमीचं आरडीएस मैदान बांधकामासाठी बंद होतं, म्हणून लीगचे घरचे सामने बहुतेक अविवा स्टेडियमवर. जायला सोपं, डार्ट या लोकल गाडीचं स्टेशन स्टेडियमला अगदी चिकटून. पण पन्नास हजारांच्या जागेत साध्या शनिवारी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. आवाज घुमतो, आपलाच. खायला शाकाहारी म्हणजे चिप्स आणि परत चिप्स. आम्ही घरून पराठे खाऊनच निघायचो. एक गोष्ट मनापासून आवडली: किक मारायला कोणी उभा राहिला की अख्खं मैदान गप्प, मग तो समोरच्या संघाचा का असेना. मुलाने हे पहिल्याच दिवशी उचललं.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे १२ ऑक्टोबरचा लेन्स्टर-मुन्स्टर सामना, क्रोक पार्कवर. ऐंशी हजारांवर माणसं, साध्या साखळी सामन्याला! क्रोक पार्क हे गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांचं घर. तिथे रग्बी-फुटबॉल खेळू न देण्याचा नियम होता, तो २००५ मध्ये शिथिल झाला. २००९ मध्ये याच दोन संघांचा युरोपीय उपांत्य सामना इथे झाला तेव्हा ८२,२०८ प्रेक्षकांचा क्लब रग्बीचा जागतिक विक्रम नोंदला गेला होता. लेन्स्टरच्या निळ्या आणि मुन्स्टरच्या लाल जर्सीतली माणसं एकाच घरातून आलेली, एकाच डब्यातून सँडविच खाताना दिसली. लेन्स्टर २६-१२ ने जिंकलं. ज्यांना वर्षात एकच सामना बघायचा आहे त्यांनी हा बघावा, पासाच्या भानगडीत पडूच नये.

अंतिम सामनाही क्रोक पार्कवरच, पण तेव्हा पाऊस आणि मैदान जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त भरलेलं. मे महिन्याच्या सुरुवातीला चॅम्पियन्स कप या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनने लेन्स्टरला घरात ३७-३४ असं हरवलं होतं. ती जखम इतकी ओली होती की पुष्कळ लोक रुसून आलेच नाहीत, असं आमच्या शेजारच्या आजोबांचं निदान. मध्यंतराला लेन्स्टर बुल्सच्या पुढे १९-०, शेवटी ३२-७. बॅरेटने ट्राय केला, पोरगं कृतकृत्य. २०२१ नंतरचा पहिला चषक. सामना म्हणून मात्र पहिल्या अर्ध्या तासातच संपलेला.

तळाची कथा करुण आहे. या लीगमधून कोणी खालच्या लीगमध्ये जात नाही, त्यामुळे शेवटच्या संघांना ना भीती ना आशा. इटलीच्या झेब्रेने २०२२-२३ मध्ये १८ पैकी १८ सामने गमावले होते. त्याच झेब्रेने या मोसमात पार्मात मुन्स्टरला ४२-३३ असं लोळवलं, तेव्हा लेन्स्टरवाल्यांच्या घरात पेढे वाटायचे बाकी होते. वेल्सचं दुखणं जास्त खोल आहे, पैशाचं. एप्रिलमध्ये कार्डिफचा क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेला आणि वेल्सच्या युनियनने तो ताब्यात घेतला. वेल्सच्याच ड्रॅगन्सनी अख्ख्या मोसमात एकच सामना जिंकला. आणि तरीही १८ पैकी १६ सामने जिंकणाऱ्या लेन्स्टरला हरवणाऱ्या दोघांत एक वेल्सचा स्कार्लेट्स!

टीव्हीचं सांगायचं तर टीजी४ या वाहिनीवर काही सामने फुकट दिसतात, समालोचन आयरिश भाषेत. मुलाला शाळेत आयरिश आहे, त्यामुळे घरात दुभाषा तो. सगळे सामने हवे असतील तर पैसे भरावे लागतात. टीएमओ, म्हणजे टीव्हीवर बघणारा पंच, एका टॅकलचा रीप्ले पाचव्यांदा बघत असतो आणि कोसळलेला स्क्रम पुन्हा पुन्हा लावला जातो, तेव्हा चहा करून येता येतो. माझा भाऊ १५ जूनपासून अंधेरीत सुरू झालेल्या रग्बी प्रीमियर लीगला भाच्याला घेऊन गेला होता. ते सात-सात जणांचं, मिनिटामिनिटाला ट्राय पडणारं रग्बी. त्याला मी यूआरसीचा एक सामना बघायला लावला, तर विसाव्या मिनिटाला मेसेज: ‘ताई, हे सगळे ढिगाऱ्यात काय शोधतायत?’ त्या ढिगाऱ्याची गोडी लागायला दोन-तीन महिने जातात, हे धरून चाला.

पैसे वाचवायचे असतील तर टीव्हीचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका, जुलै-ऑगस्टात एकही सामना नसतो. ऑक्टोबरातले आणि नाताळच्या आसपासचे आयर्लंडच्या संघांचे आपसातले सामने, आणि मग मार्चअखेरपासून जूनपर्यंत, एवढं महिन्यामहिन्याने घेतलं तरी पुरतं. आम्ही पुढच्या मोसमाचा पास पुन्हा काढतोय. अविवावर घ्यायचा असेल तर उत्तरेकडचा तो ठेंगणा स्टँड टाळा, तिथून पलीकडच्या टोकाचा ट्राय कळतो तो लोकांच्या ओरडण्यावरून. मधल्या रेषेजवळ, जरा वरच्या रांगेत बसा, म्हणजे बचावाची भिंत कशी सरकते ते दिसतं.