रंगसूचना वाचणाऱ्या आवाजासाठी ऐका

हौशी नाटकांत मी बारा वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच पुरवायचं काम. विंगेत बसायचं, संहितेवर बोट ठेवायचं आणि समोरचं नाटक कानांनी सांभाळायचं. कोण कुठे अडखळणार, कोणाची एंट्री अर्धा श्वास उशिरा पडणार, हे मला नटांकडे न बघता कळायचं. त्यामुळे नुसतं ऐकायचं नाटक माझ्या लेखी कमी प्रतीचं नाही. गेल्या दोन आठवड्यांत मी लिब्रिव्हॉक्सवर ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ तीनदा ऐकलं. एकदा सलग, एकदा संहिता समोर ठेवून आणि एकदा फक्त एका आवाजासाठी. मुख्यतः त्या आवाजाबद्दलच लिहायचं आहे.

लिब्रिव्हॉक्स ठाऊक नसलेल्यांसाठी आधी थोडी माहिती. २००५ साली ह्यू मॅग्वायर यांनी ते सुरू केलं. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांनी आपापल्या घरी वाचून रेकॉर्ड करायची आणि ती रेकॉर्डिंगंही सगळ्यांसाठी मोकळी सोडायची, एवढं साधं काम. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, ऐकण्यासाठी खातं उघडावं लागत नाही. कादंबरी असली की वाचक प्रकरणं वाटून घेतात, नाटक असलं की भूमिका. ज्याच्याकडे नोकराची भूमिका, तो फक्त नोकराची वाक्यं एकामागून एक वाचून पाठवतो. बाकीची माणसं त्याला कधी भेटत नाहीत, त्यांचा आवाजही बहुधा त्याच्या कानावर पडलेला नसतो. मग एक जण सगळ्यांच्या फाइली घेऊन बसतो आणि वाक्याला वाक्य जोडून प्रवेश उभा करतो. या नाटकात नऊ पात्रं आहेत. दहावा आवाज रंगसूचनांचा, म्हणजे कोण येतं, कोण जातं, कोण काय करतं हे सांगणाऱ्या संहितेतल्या सूचनांचा.

नाटक म्हणजे निखळ प्रहसन. जॅक खेड्यात राहतो आणि शहरात चैन करायला जाताना ‘अर्नेस्ट’ नावाच्या उनाड भावाची सबब सांगतो. शहरात तो स्वतःच अर्नेस्ट म्हणून वावरतो. त्याचा मित्र अल्जरनन तेच नाव घेऊन खेड्यातल्या घरी जाऊन थडकतो. दोघांच्याही प्रेयसींना नवरा हवा तो अर्नेस्ट नावाचाच. छापील इंग्रजीत ‘अर्नेस्ट’ हे नाव आणि ‘अर्नेस्ट’ म्हणजे मनापासूनचा, सच्चा, यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. कानाला तो फरक उरत नाही. म्हणजे शीर्षकातला विनोद पानावर फोडून दाखवावा लागतो आणि ऐकताना आपोआप घडतो. (आपल्या देवनागरीतही दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, तेव्हा मराठी वाचकाला तो अर्धा आधीच कळलेला असतो.)

आता त्या दहाव्या आवाजाकडे येते.

दुसऱ्या अंकात जॅक ठरवतो की हा खोटा भाऊ आता मारून टाकायचा. तो बागेत येतो तो नखशिखांत सुतकी पोशाखात, टोपीला काळी पट्टी आणि हातात काळे मोजे घालून. इकडे ‘भाऊ’ म्हणून अल्जरनन आधीच घरात येऊन बसलेला आहे आणि प्रेक्षकांना ते माहीत आहे. रंगमंचावर जॅक विंगेतून बाहेर आला की एक शब्दही न बोलता थिएटर हसतं. सगळी गंमत कपड्यांत आहे. श्राव्य नाटकात कपडे कुठून आणणार? तिथे रंगसूचना वाचणारी बाई ते एक वाक्य वाचते, संथ, सरळ, जणू सामानाची यादी वाचावी तसं. मी हसले. तिने ते जरा जरी रंगवून वाचलं असतं, आवाजात किंचित जरी ‘आता बघा गंमत’ आणलं असतं, तरी विनोद तिथेच मेला असता.

प्रॉम्प्टरला हे पहिल्या तालमीत शिकवतात. शब्द द्यायचा, अभिनय द्यायचा नाही. अभिनय नटाचा. रंगसूचना वाचणाऱ्याचंही तेच व्रत आहे आणि या रेकॉर्डिंगमध्ये ते शेवटपर्यंत पाळलं गेलंय.

त्याच अंकात चहाचा प्रसंग आहे. जॅकची ग्वेन्डोलेन आणि अल्जरननची सेसिली या दोघींना वाटतं की आपला नियोजित नवरा एकच आहे. नोकर आजूबाजूला असल्यामुळे भांडण सभ्यपणे चाललंय. ग्वेन्डोलेन सांगते, साखर नको. सेसिली रागाने बघते आणि कपात साखरेचे चार खडे टाकते. केक नको, पाव-लोणी चालेल म्हटल्यावर भला मोठा केकचा तुकडा कापून देते. चार खडे आणि तो तुकडा, दोन्ही गोष्टी घडतात तेव्हा फक्त रंगसूचनेत आहेत, संवादात त्या येतात ग्वेन्डोलेनच्या तक्रारीत. ग्वेन्डोलेन घोट घेऊन चिडते ते नंतर. रंगसूचना गाळून नाटक जोडलं असतं तर ऐकणाऱ्याला ही गंमत घडताना कळलीच नसती, तिच्या तक्रारीतून मागाहून कळली असती. संहिता समोर ठेवून मी ऐकलं ते याचसाठी. कुठे काय गाळलंय हे बघायला बसले होते आणि मोठ्या जागांपैकी एकही गाळलेली सापडली नाही.

दार वाजल्याचे, कपबशांचे आवाज नाहीत, संगीत नाही. नाटकाच्या सुरुवातीला शेजारच्या खोलीतून पियानो ऐकू येतो, अल्जरनन बाहेर येऊन नोकराला विचारतो की मी काय वाजवत होतो ते ऐकलंस का, आणि नोकर म्हणतो की ऐकत राहणं सभ्यपणाचं वाटलं नाही. इथे पियानो नाही, ‘पियानो ऐकू येतो’ एवढं वाक्य आहे. पहिल्या वेळी मला ती उणीव टोचली. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या कानाला पावलांचा, दाराच्या कडीचा आवाज लागतोच. तिसऱ्या वेळी मात्र वाटलं, बरं झालं. एकदा पियानो घेतला की मग चहाचे कप, काकडीची सँडविचेस खाण्याचा आवाज, तिसऱ्या अंकात वरच्या मजल्यावर ट्रंका आपटल्याचा धडधडाट, सगळंच घ्यावं लागतं, आणि वेगवेगळ्या खोल्यांत वाचलेल्या आवाजांवर हे आवाज चिकटवले की खोल्यांचं वेगळेपण अधिकच उघडं पडतं.

खोल्यांचं वेगळेपण आहेच. ही या पद्धतीची अंगभूत मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच ऐकायला बसावं. एकाचा आवाज पडद्यांनी भरलेल्या खोलीतून येतो, दुसऱ्याचा मोकळ्या भिंतींच्या. उच्चारही वेगवेगळे. इंग्लंडमधल्या उमरावांच्या घरात अमेरिकन ‘र’ घुमतो. ऑडिशन नसते, मोकळी असलेली भूमिका मागायची आणि वाचायची. मला यात वावगं वाटत नाही. ज्यांना लंडनच्या वेस्ट एंड रंगभूमीचे अस्सल उच्चार हवेत त्यांनी १९५२चा चित्रपट बघावा. त्यात लेडी ब्रॅकनेल, म्हणजे ग्वेन्डोलेनची आई, झालेल्या एडिथ इव्हान्स यांनी ‘हॅन्डबॅग’ हा एक शब्द असा उच्चारलाय की तेव्हापासून ही भूमिका करणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर तो शब्द बसलेला असतो. इथल्या वाचकबाईंनी तो हळू, जवळजवळ कुजबुजत घेतला. तान्हेपणी आपण व्हिक्टोरिया स्टेशनवर हॅन्डबॅगेत सापडलो असं जॅक सांगतो, हे ऐकून माणूस आधी थिजेल, ओरडेल नंतर. मला हे वाचन पटलं.

पण विचार करा, त्या बाईंनी जॅकचा तो कबुलीजबाब ऐकलेलाच नव्हता. समोर जॅक नाही, फक्त माईक. शांततेला प्रतिक्रिया द्यायची. अभिनयात निम्मं काम ऐकण्याचं असतं आणि इथे ऐकायला कोणी नाही. त्यामुळे या प्रकारच्या वाचनात प्रत्येक वाक्य सुटं, पूर्ण, जरा जास्तच घोटून वाचण्याचा मोह होतो. ज्यांना हे साधतं ते माझ्या मते समोरच्याचं वाक्य आपल्याच खोलीत मोठ्याने म्हणून मग आपलं उत्तर देत असणार. मी स्वतः तसंच करते.

आणि मग जोडणारा. प्रहसन वेळेवर जगतं. एका वाक्यानंतर पाव सेकंद की पाऊण सेकंद, यावर हसू ठरतं. नाट्यगृहात हे प्रेक्षक ठरवतात, नट हशा ओसरायची वाट बघतो आणि पुढचं वाक्य टाकतो. इथे हशा नाही. जोडणारा माणूस एकटा बसून ठरवतो की ऐकणारा इथे किती हसेल. पहिल्या अंकात अल्जरनन आणि जॅकच्या चकमकी त्याने घट्ट जोडल्यात, वाक्यावर वाक्य येतं. लेडी ब्रॅकनेल जॅकची उलटतपासणी घेते तिथे मात्र तो जागा सोडतो, आणि त्या रिकाम्या जागेत ती बाई वहीत काहीतरी टिपून घेताना मला स्पष्ट दिसली. दिग्दर्शक तोच आहे, त्याला दिग्दर्शक म्हणत नाहीत एवढंच.

तिसऱ्या अंकात दोघी मुलींना एक वाक्य एकाच वेळी म्हणायचं असतं. ग्वेन्डोलेन बोट वर करून ताल देते. लगेच दोघे पुरुषही एक वाक्य एकत्र म्हणतात. एकमेकांना न भेटलेल्या चौघांना हे कसं जमवायचं? या रेकॉर्डिंगमध्ये दोघींची पहिली अक्षरं तंतोतंत जुळत नाहीत. मधलं जुळतं, शेवट जुळतो. मी ते सहा-सात वेळा मागे नेऊन ऐकलं. बहुधा एकीने आधी वाचलं आणि दुसरीने ते हेडफोनवर ऐकत आपलं वाचलं, नाहीतर जोडणाऱ्याने एकीचा वेग थोडा ओढून घेतला. काहीही असो, कोणीतरी या तीन सेकंदांवर संध्याकाळ घालवलेली आहे हे ऐकू येतं.

एक गोष्ट मला हलवून गेली. हे नाटक १४ फेब्रुवारी १८९५ला लंडनच्या सेंट जेम्सेस थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं. काही आठवड्यांतच वाइल्डवर खटले सुरू झाले, त्याचं नाव जाहिरातींवरून काढलं गेलं आणि ८६ प्रयोगांनंतर नाटक बंद पडलं. लिब्रिव्हॉक्सवर प्रत्येक अंक सुरू होताना नाटकाचं नाव आणि लेखकाचं नाव मोठ्याने वाचावंच लागतं. तीन अंक, तीनदा ‘ऑस्कर वाइल्ड’. पहिल्या वेळी मी ही सुरुवात पुढे ढकलून ऐकत होते. हे लक्षात आल्यावर ढकलली नाही.

हे ऐकून मी स्वतः एका दुसऱ्या जुन्या प्रहसनाच्या रंगसूचना वाचायला घेतल्या, म्हणून आत शिरू इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. आधी एक मिनिटाची चाचणी पाठवावी लागते. आवाज ८९ डेसिबलच्या आसपास, फाइल १२८ केबीपीएसची एमपीथ्री, मोनो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. माझी पहिली चाचणी फार हळू आली होती. दोन ओळींत काय बदलायचं ते कळवलं गेलं आणि दुसरी मान्य झाली. प्रत्येक सूचनेनंतर दोन-तीन सेकंद गप्प राहायचं, म्हणजे जोडणाऱ्याला कापायला जागा मिळते. ‘जातो’, ‘जाते’, ‘दोघे जातात’ असं वाचत एक दुपार गेली. एका ठिकाणी मी ‘डावीकडून’ऐवजी ‘उजवीकडून’ वाचलं होतं आणि पडताळणी करणाऱ्या ऐकणाऱ्याने ते वेळेसकट पकडलं. इतकं बारीक ऐकणारं माणूस मला विंगेबाहेर प्रथमच भेटलं.

ऐकणार असाल तर हेडफोन लावून ऐका, आणि पहिला अंक जड वाटला तर सोडून न देता सरळ दुसऱ्या अंकातल्या सुतकी कपड्यांच्या एंट्रीपासून सुरू करा. त्यासाठी पहिल्या अंकातलं एवढंच माहीत हवं की शहरातला अर्नेस्ट खेड्यात जॅक आहे हे अल्जरननला कळतं आणि खेड्यातला पत्ता तो गुपचूप आपल्या बाहीवर लिहून घेतो. तो लिहितो हेही रंगसूचनाच सांगते.