‘पॅनिक’, ‘फ्रीक आऊट’, ‘लूज इट’: लाँगमनचा मोफत ऑनलाइन कोश किती कामाचा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं कन्नड आणि इंग्रजी दोन्ही शिकून बाहेर पडतात. इंग्रजी व्याकरण बहुतेकांचं बरं असतं. अडतं ते माणूस घाबरला, बिथरला किंवा कोलमडला हे इंग्रजीत सांगताना. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला पेशंटची अवस्था डॉक्टरांना सांगायची असते, नोकरीच्या मुलाखतीत ‘दडपणाखाली तुम्ही कसे वागता?’ असं विचारलं जातं, आणि तेव्हा ‘टेन्शन’ या एकाच शब्दावर सगळा भार पडतो. या एका कामापुरता लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिशचा ऑनलाइन कोश तपासला, तर मोफत साधनांत तो सगळ्यात उपयोगी ठरतो. मात्र तो वापरायची रीत समजली पाहिजे.

याचं मोठं बळ म्हणजे सोपी व्याख्या. 1978 च्या पहिल्या आवृत्तीपासून या कोशात सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांतच अर्थ सांगायची पद्धत आहे, त्यामुळे अर्थ वाचताना आणखी तीन शब्द शोधावे लागत नाहीत. ‘पॅनिक’ची नोंद बघा. नुसती भीती एवढाच अर्थ नाही. भीती एकाएकी येते आणि नीट विचार करता येत नाही, हे दोन्ही त्यात येतं. मराठीत आपण ‘गाळण उडाली’ म्हणतो ते इथे बसतं. ‘भीती वाटते’ इथे बसत नाही. पॅनिक नामही आहे आणि क्रियापदही. क्रियापदाला ‘एड’ किंवा ‘आयएनजी’ लावताना शेवटच्या ‘सी’नंतर ‘के’ घालावा लागतो. परीक्षेत हमखास चुकणारी ही जागा नोंदीतच दिसते.

शोधताना बहुतेकांचं चुकतं ते असं: ‘लूज युअर हेड’चा अर्थ हवा असतो, पण टाइप केलं जातं फक्त ‘लूज’ (lose). मग भलीमोठी नोंद उघडते, डझनाहून जास्त अर्थ, आणि मोबाइलवर खाली सरकवत बसावं लागतं. त्यापेक्षा शोधाच्या चौकटीत पूर्ण वाक्प्रचार टाका, तोही ‘माय’ किंवा ‘हिज’ न घालता ‘युअर’ घालून, कारण कोशात नोंद तशीच असते. तरी सापडला नाही तर त्यातल्या नामाकडे, म्हणजे ‘हेड’कडे जा. ‘फ्रीक आऊट’, ‘ब्रेक डाऊन’, ‘फॉल अपार्ट’ यांसारखी जोडक्रियापदं मूळ क्रियापदाच्या नोंदीतून सापडतात.

‘लूज’चे वाक्प्रचार मात्र एकदा सावकाश वाचायलाच हवेत, कारण या विषयातली निम्मी गफलत तिथेच होते. ‘लूज युअर हेड’ म्हणजे ऐन वेळी डोकं चालेनासं होणं, भान सुटणं. ‘लूज युअर नर्व्ह’ म्हणजे करायला निघालेल्या गोष्टीसाठी लागणारा धीर खचणं. ‘लूज युअर टेम्पर’ म्हणजे फक्त राग, पित्त खवळणं. ‘लूज युअर कूल’मध्ये शांतपणा सुटतो, बहुधा रागाने. ‘लूज हार्ट’मध्ये राग नाही, घाबरणंही नाही, उमेद खचते. ‘लूज इट’ मात्र मोकळं आहे. तोल गेला एवढंच ते सांगतं. रागाने गेला, रडण्याने गेला की आणखी कशाने, ते पुढच्यामागच्या वाक्यावरून कळतं. हे सहा वेगळे ठेवले की बोलण्यात लगेच फरक पडतो.

‘फ्रीक आऊट’लाही अशाच दोन दिशा आहेत. घाबरून बिथरणं आणि चिडून बिथरणं, दोन्हीला तो चालतो. मध्ये कर्म घातलं की दुसऱ्याला बिथरवणं असा अर्थ होतो. या नोंदीला ‘इन्फॉर्मल’ अशी खूण आहे, आणि ती खूण वाचणं अर्थ वाचण्याइतकंच गरजेचं आहे. मित्राला मेसेज करताना ‘फ्रीक आऊट’ ठीक आहे. रजेच्या अर्जात, पेशंटच्या नोंदीत किंवा परीक्षेच्या निबंधात तो नको. तिथे ‘पॅनिक’ किंवा ‘बिकेम व्हेरी अँक्शस’ लिहावं.

दवाखान्यात काम करणाऱ्यांनी एक फरक पक्का धरावा. ‘पॅनिक अटॅक’ ही वैद्यकीय संज्ञा आहे: छातीत धडधड, घाम, श्वास अपुरा पडणं, आणि हे सगळं काही मिनिटांत शिगेला पोचणं. ‘नर्व्हस ब्रेकडाऊन’ मात्र रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, आजच्या निदानांच्या यादीत तो नाही. त्यामुळे केसपेपरवर तो लिहू नये. ‘मेल्टडाऊन’ मूळचा अणुभट्टीतला गाभा वितळण्याचा शब्द, आता माणसाचा ताबा पूर्ण सुटला की वापरतात. लहान मूल हट्टाने लोळण घेतं तेव्हा ‘टँट्रम’ म्हणावं. ‘हिस्टेरिकल’ला तर दोन टोकाचे अर्थ आहेत, भावनांवर ताबा न राहिलेला आणि पोट धरून हसवणारा. कोश दोन्ही देतो, उदाहरणं वाचल्याशिवाय वापरू नका.

कोशाची मर्यादा इथून पुढे सुरू होते. आपल्या बोलण्यात शिरलेल्या इंग्रजी शब्दांची वाट वेगळी झाली आहे, आणि ते हा कोश सांगणार नाही. मराठीत ‘नर्व्हस झालोय’ म्हणजे बऱ्याचदा खट्टू, उदास. इंग्रजीत ‘नर्व्हस’ म्हणजे पुढे होणाऱ्या गोष्टीची धास्ती. ‘टेन्शन आलंय’ला ‘आय हॅव टेन्शन’ म्हणू नये, ‘आय अ‍ॅम स्ट्रेस्ड’ किंवा ‘वरीड’ म्हणावं. कन्नडमध्ये ‘गाबरी’ आहे, मराठीत घाबरणं आहे, दोन्ही भाषांत एकच शब्द थोड्या भीतीपासून मोठ्या घबराटीपर्यंत चालतो. इंग्रजीत मात्र ती पायरी निवडावी लागते. कोशात शब्द तीव्रतेच्या क्रमाने लावलेले नाहीत, ते काम शिक्षकाने फळ्यावर करावं: नर्व्हस, अँक्शस, मग पॅनिक, आणि कामच करता येईना झालं की ‘गो टू पीसेस’, म्हणजे आपलं हातपाय गळणं.

आणखी दोन उणिवा. शब्द किती वापरात आहे ते ‘एस’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांपुढे 1 ते 3 आकड्यांनी दाखवतात, पहिलं बोलण्यासाठी, दुसरं लिहिण्यासाठी; 1 म्हणजे सगळ्यात जास्त वापरातल्या पहिल्या हजार शब्दांपैकी. पण हा आकडा मुख्य शब्दाचा असतो. ‘लूज’ अगदी वरच्या हजारात आहे म्हणून ‘लूज हार्ट’ही तितकंच ऐकू येतं असं समजू नका. दुसरं, मराठी अर्थ इथे अजिबात नाही. एका शब्दात मराठी हवं असेल तर केंब्रिजचा इंग्रजी-मराठी ऑनलाइन कोश शेजारी उघडा आणि वापर, खुणा, उदाहरणं यांसाठी परत लाँगमनकडे या.

उच्चारासाठी लाल स्पीकरवर ब्रिटिश आणि निळ्यावर अमेरिकन आवाज मिळतो. जाहिराती येतात आणि नेट लागतं, म्हणून खेड्यातल्या शाळेच्या किंवा गावातल्या वाचनालयाला 2014 ची सहावी छापील आवृत्ती घेणं सोयीचं पडेल. खरेदी करताना आवृत्तीचा आकडा बघून घ्या, जुन्या प्रती अजून विक्रीला दिसतात.