आरोग्यातील विषमतेचा अभ्यास: सर्वेक्षण की गावातील नोंदी?
मेळघाटातील कोरकू बालकांचे कुपोषण समजून घेताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणामुळे समाजगटांची तुलना करता येते आणि धोरणाआधीची व नंतरची स्थिती पडताळता येते. मात्र त्याच्या तक्त्यांत कोरकू आणि गडचिरोलीचे माडिया 'अनुसूचित जमाती' या एकाच रकान्यात जातात.

गावपातळीवरील दीर्घकालीन नोंदी खर्चिक आणि मोजक्या गावांपुरत्याच असतात, तरी नाल्याला पूर आल्याने बाळंतीण दवाखान्यात पोहोचलीच नाही, हे त्यांतूनच कळते. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने अशाच नोंदींच्या आधारे नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ही पद्धत 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर राबवली जाऊ लागली. म्हणून माझा कौल नोंदींना आहे. सर्वेक्षणाचा आधार जिल्हे निवडण्यापुरता घ्यावा.