स्पेअरचं दुकान की गॅरेज? नोकरी गेल्यावर दोन्ही करून पाहिलेल्याचं मत

चाकणची नोकरी सुटली (म्हणजे सोडवली गेली) तेव्हा हातात हिशेबाचे पैसे होते आणि डोक्यात दोनच गोष्टी घोळत होत्या. दुचाकीच्या स्पेअरचं दुकान टाकावं, नाहीतर गॅरेज. विश्रांतवाडीच्या एका मित्राच्या स्पेअरच्या काउंटरवर साडेतीन महिने बसलो आणि मग दिघीत गाळा घेऊन गॅरेज काढलं. शॉप अॅक्ट, उद्यम वगैरे नोंदण्या दोन्हीकडे सारख्याच आणि घरबसल्या होतात, त्यांचा बाऊ करू नका.

दुकानाचं सुख मी नाकारत नाही. कपडे काळे होत नाहीत, कंबर शाबूत राहते, दुपारी शटर अर्धं ओढून डबा खाता येतो. नाना पेठेतल्या घाऊक बाजारातून माल आणायचा, फळीवर लावायचा, विकायचा. उधारीचं सगळे सांगतातच. आसपासच्या गॅरेजची पोरं येतात आणि "काका, मांडून ठेवा" म्हणून जातात. ती उधारी मला तरी झेपली असती. वही ठेवली, थोडा तोंडाळपणा ठेवला की पैसे येतात, उशिरा का होईना.

झेपलं नाही ते परत येणारं सामान.

एक माणूस येतो, "अॅक्टिव्हाची पुढची ब्रेक केबल द्या" म्हणतो. कुठली अॅक्टिव्हा? "अहो, अॅक्टिव्हा म्हणजे अॅक्टिव्हा." आता ५जी या जुन्या मॉडेलला पुढे १० इंची चाक आणि त्यानंतरच्या ६जीला १२ इंची, शिवाय टेलिस्कोपिक काटे. एकीचं सामान दुसरीला बसेलच असं नाही. २०२० साली बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आल्यापासून कार्बोरेटरची गाडी आणि इंजेक्शनची गाडी नावाने तीच आणि आतून वेगळी. तुम्ही विचारून विचारून देता. संध्याकाळी तो परत येतो. पाकीट फाडलेलं, केबलला ग्रीसचे बोटांचे ठसे, आणि वर "बसलीच नाही, पैसे द्या." घ्यावी तर ती पुन्हा विकता येत नाही आणि पेठेतला होलसेलवाला फाटकं पाकीट हातात धरत नाही. न घ्यावी तर गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून गल्लीला ऐकवतं. इलेक्ट्रिकचं सामान तर विचारूच नका. मित्राने "इलेक्ट्रिक पार्ट परत घेतले जाणार नाहीत" अशी पाटी लावली होती, तीही पुणेरी थाटात. वाचून झाल्यावर लोक सीडीआय (इंजिनाच्या ठिणगीचा डबा) पुढे करत.

मला त्रास व्हायचा तो पैशापेक्षा याचा, की चूक कुणाची हे कधीच कळायचं नाही. पार्ट खराब होता, चुकीचा होता, की बसवणाऱ्याने बिघडवला? मी तर गाडी पाहिलेलीच नसायची.

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये स्पेअरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. गिऱ्हाईकांना आनंद झाला, पण मित्राच्या फळीवर जुन्या दराने घेतलेला माल तसाच पडून होता. नवी किंमत मागणाऱ्याला तो काय सांगणार?

गॅरेजही काही गादीवरचं काम नाही. दिवसभर उकिडवं बसून गुडघे बोलायला लागतात. जागामालक फरशीवरच्या ऑइलच्या डागांवरून आठवड्याला एकदा तरी बोलतो. "काल दाखवली होती, आज परत आवाज येतोय" ही गाडी फुकटच बघावी लागते. इंजेक्शनच्या गाड्यांचा बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, तो मी पहिल्याच वर्षी घ्यायला हवा होता. पण गाडी माझ्यासमोर उभी असते. जुना पार्ट मी काढतो, नवा त्याच्या शेजारी धरून बघतो, मग बसवतो. चुकला तर माझाच चुकला, आणि तो पाकीट न फाडता परत जातो. मोठं काम असेल तर सामानाचे पैसे आधी घेतो. म्हणजे माझे पैसे फळीवर झोपत नाहीत. पावसात ब्रेक शूची रांग लागते, दसऱ्याआधी सर्व्हिसिंगची, आणि पितृपक्षात शोरूम ओस पडली तरी आमच्याकडे फारसा फरक पडत नाही, कारण जुन्या गाडीला पंचांग नसतं.

स्पेअर मी पूर्ण सोडलेलं नाही. एक लोखंडी कपाट आहे. त्यात ऑइल, प्लग, ब्रेक शू, एअर फिल्टर, बल्ब आणि चार चालू गाड्यांच्या केबली. बाकी लागेल तसं मागवतो. दुसऱ्याने बसवायला म्हणून सुटा पार्ट शक्यतो देत नाही.

तुमचा हात पान्यावर बसलेला नसेल, हिशेब पक्का असेल आणि घरचं कुणी काउंटरला असेल, तर दुकान चालेलही. मित्राचं चालतंय. हात चालत असेल तर मात्र मी गॅरेजकडेच झुकेन. तरी शंका असेल तर गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी महिनाभर कुणाच्या तरी काउंटरवर बसा, आणि संध्याकाळी सहा ते नऊ चुकवू नका. परत करणारे तेव्हाच येतात.