प्रसूती किट : एक फोडून पाहिले, एक कोपीवर वापरले

दिवाळीनंतर आमच्या धारूर तालुक्यातील टोळ्या ऊसतोडीला निघाल्या, तेव्हा माझ्या पुतणीला सातवा महिना होता. मुकादमाकडून आगाऊ मजुरीची उचल घेतलेली असल्याने तिला मागे ठेवणे जमले नाही. तीस वर्षे उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून काम केल्यामुळे पुढचा प्रसंग मला दिसत होता. म्हणून मेडिकलमधून एकदाच वापरायची दोन प्रसूती किट आणली. एक तिला दिले, दुसरे फोडून पाहिले.

आत साबणाची लहान वडी, प्लास्टिकचा कागद, हातमोजे, गॉज, वेगळ्या वेष्टनातले ब्लेड आणि नाळ बांधण्याचा दोरा होता. वस्तू नेमक्या हव्या त्याच आहेत. शेणामातीतले धनुर्वाताचे जंतू विळ्यावरून किंवा मळक्या दोऱ्यावरून नाळेत शिरतात, हे साध्या कोऱ्या ब्लेडने आणि स्वच्छ दोऱ्याने टळते. गर्भवतीला दिली जाणारी धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातील बाळंतपणे यांच्या जोडीने २०१५ साली भारत माता व नवजात धनुर्वातमुक्त घोषित झाला, त्यात अशा स्वच्छतेचाही वाटा आहे.

दोऱ्याबाबत मात्र उत्पादकाने कंजुषी केली आहे. बेंबीपासून दोन बोटांवर एक आणि पाच बोटांवर दुसरी अशा दोन गाठी मारून मधोमध नाळ कापायची असते, आणि पाकिटात दोरा वीतभर, तोही अखंड! ओल्या, थरथरत्या हातांनी त्याचे दोन तुकडे कोण करणार? मी आणखी दोन दोरे उकळून, वाळवून स्वच्छ पुडीत बांधून दिले. सूचना बारीक अक्षरांत इंग्रजी आणि हिंदीत असून चित्र एकही नाही, त्यामुळे वहीच्या पानावर त्या मराठीत लिहून द्याव्या लागल्या. बाळ पुसायला कापडही नाही. धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या लुगड्याचे तुकडे मी घरूनच घातले.

पौषातल्या एका रात्री कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला होता, पण गाडी उसाच्या फडापर्यंत पोहोचण्याआधीच कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, मुलगी जन्मली. विहीणबाईंनी साबणाने हात धुतले, बाळ कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वर गोधडी घातली, अर्ध्या तासात अंगावर पाजायला लावले आणि आंघोळ दुसऱ्या दिवसावर ढकलली. नाळेला राख लावायचा हट्ट मात्र त्यांनी धरलाच : “आमची पोरं राखेवरच वाढली.” पुतणीने माझा कागद पुढे केला : नाळेला काहीही लावायचे नाही. त्यांच्या चार लेकरांपैकी एक आठव्या दिवशी धनुर्वातासारखी आकडी येऊन गेले होते, हे त्यांनाच आठवले असावे; राखेची वाटी त्यांनी चुलीकडे सरकवली.

पाकिटाला याहून अधिक श्रेय मी देणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी दिलेल्या सेवेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिथे गावातलीच प्रशिक्षित बाई बाळाचा श्वास, वजन, जंतुसंसर्ग पाहत होती. घरी जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंनी पहिल्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सात भेटी द्यायच्या असतात, पण आमच्या बाळाची आशाताई गावी आणि बाळ फडावर.

किंमत पाव किलो चहापत्तीएवढी आहे. दवाखाना लांब असेल त्यांनी सातव्या महिन्यातच घेऊन ठेवावे. मात्र मुदतीची तारीख फक्त मोठ्या खोक्यावर छापलेली असते, तेव्हा सुटे पाकीट घेताना दुकानदाराला ते खोके दाखवायला सांगावे.