भिंत घासायचं मशीन, आठ महिन्यांनंतर: मोटर बरी, पिशवीची क्लिप डोक्याला ताप

एप्रिलमध्ये ह्याच मशीनला मी पाच तारे देऊन मोकळा झालो होतो, ते आधी मागे घेतो. तेव्हा मशीन येऊन दहा दिवस झाले होते आणि नवीन खेळणं मिळाल्यावर माणूस जसा वागतो तसा मी वागत होतो. आता दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि शेजारणीशी एक भांडण एवढा अनुभव गाठीशी आहे.

मशीन तेच, साडेसातशे वॅटचं, लांब दांडा, नऊ इंची चकती, कडेला लाईट. मला ५,८०० ला पडलं. घर गिरगावात चाळीत, जुना चुन्याचा गिलावा. पेंटरने नुसती भिंत तयार करायचे २२ हजार सांगितले, रंग वेगळा. मी म्हटलं भिंत घासायला काय अक्कल लागते?

लागते. पहिल्याच दिवशी जुन्या रंगावर थेट मशीन फिरवलं. आमच्या बाबांनी दर दोन-तीन दिवाळ्यांनी खालचं न खरवडता वर डिस्टेंपर मारलेलं, गुलाबीखाली पोपटी, पोपटीखाली निळीचा चुना. ८० नंबरचा म्हणजे जाडा पॉलिश पेपर दोन मिनिटांत चोंदून गुळगुळीत, आणि जिथे गिलावा आतून सुटलेला तिथे चकतीने बशीएवढा खळगा पाडला. मी मशीनलाच शिव्या घातल्या, पण चूक माझी होती. हे मशीन जुना रंग काढायला नाहीच.

समोरच्या खोलीतल्या काकांची सगळी हयात रंगकामात गेलेली, ते दारात उभं राहून दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे बाबा, आधी पाणी मार." स्पंजने भिंत भिजवायची, दहा मिनिटं थांबायचं, मग ७० रुपयांचा चार इंची पत्रा आडवा धरून खरवडायचं, डिस्टेंपर ओल्या पिठासारखं निघून येतं आणि धूळ जवळजवळ नाहीच. मग पत्र्याच्या मुठीने भिंत ठोकत जायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर तो तुकडा पाडून परत भरायचा. ह्या दोन गोष्टी माहीत असत्या तर माझे ८० नंबरचे अकरा पेपर वाचले असते, हिशोब वहीत आहे.

मोरीच्या भिंतीचे पोपडे कितीही खरवडले तरी आठवड्यात परत फुगायचे. तिथे हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवलं, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब, म्हणजे ओल आतून येतेय. आधी नळाचा जॉइंट बदलला, मग पावसाळाभर ती भिंत तशीच उघडी सोडली. ओल्या भिंतीवर पुट्टी, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायचा तो पांढरा लेप, म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात.

स्वयंपाकघरात खाली जुना ऑइलपेंट. तिथे मशीन लावलंच नाही, तुम्हीही लावू नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात काय असेल कोण जाणे, आणि घरात लहान मूल आहे. वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर), बादलीभर पाणी आणि हाताने घासून नुसती चकाकी घालवली. खांदे दोन दिवस दुखले.

आता कौतुक. पुट्टी झाल्यावर हे मशीन सोनं आहे. आधी १८०, मग त्याहून बारीक २२० नंबरचा पेपर, स्पीड दोनवर, दाबायचं नाही, नुसतं तरंगत न्यायचं. हाताने एका भिंतीला माझा अख्खा रविवार गेला होता, मशीनने पाऊण तास. कडेचा तो लाईट मला आधी फुकटचा शो वाटला होता, पण भिंतीला लागून आडवा उजेड पडला की आपण मारलेल्या पुट्टीच्या लाटा अशा दिसतात की लाज वाटते. एक लक्षात ठेवा, सिमेंटवाली पुट्टी दुसऱ्या दिवशीच घासा. ऑफिसच्या गडबडीत मी आठ दिवस टाळलं तर दगड झाली होती.

आता त्या क्लिपबद्दल. सहा हजाराच्या मशीनची धुळीची पिशवी अंगठ्याच्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या क्लिपवर लटकवलीय! छताजवळ मशीन नेलं, पाईपला जरा पीळ बसला, की खट्. पिशवी खाली आणि मोटर सगळी पांढरी पूड जोरात बाहेर फेकते. मे महिन्यात हे नेमकं गॅलरीचं दार उघडं असताना झालं आणि बाहेर शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. पुढचं सांगत नाही, चार किलो गहू आणून दिले. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून वर जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पत्र्याची गोल पट्टी, आवळली, खर्च २५ रुपये, त्यानंतर पिशवी एकदाही सुटली नाही. जे मला सुचलं ते कंपनीतल्या कुणालाच सुचू नये?

ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर, ठिणग्या उडाल्या आणि मशीन बंद. लोकलच्या गर्दीत ते धूड घेऊन सर्व्हिस सेंटरला दोन फेऱ्या. उत्तर काय, तर आत पुट्टीची धूळ गेलीय, वॉरंटीत बसत नाही. भिंत घासायच्या मशीनमध्ये धूळ गेली म्हणून वॉरंटी नाही! मी त्या माणसाकडे नुसता बघत राहिलो. नंतर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात एका दुकानात मोटरचे जुने कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, घासून झिजणारे छोटे ठोकळे) काढून दाखवले, तसलीच जोडी ६० रुपयांना मिळाली, बाजूची दोन झाकणं उघडून घरीच बसवली, पाच मिनिटांत चालू. अजून चालतंय.

म्हणून तारे तीन. चार दिले असते, पण क्लिप सुटी मिळत नाही, अख्खी पिशवी घ्या म्हणतात, ११५० रुपये. कुणाला सुटी मिळाली तर कळवा, माझी ट्यूब आता चिरायला लागलीय आणि काकूंनी त्यांच्या खोलीच्या भिंती घासायच्या म्हणून मशीन मागितलंय.